सेन्सर दोनदा बदलला, दिवा तसाच: डाव्या पुढच्या चाकाचं एक प्रकरण

गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक, २०१९ची, पासिंग केए २२. मालक खानापूर तालुक्यातले हायस्कूलचे सर. रोजची ये-जा खानापूर-जांबोटी रस्त्यानं, सुट्टीत कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोवा. तक्रारी दोन. डॅशबोर्डवर एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा मधूनच लागतो, आणि हळू वेगात ब्रेक दाबला की पायाखाली खरखर होते. आमच्याकडे येईपर्यंत डाव्या पुढच्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर दोनदा बदलून झाला होता. तिसऱ्या ठिकाणी स्कॅनर (गाडीनं नोंदवलेले दोष वाचणारं यंत्र) लावून ‘सेन्सर चांगला आहे, म्हणजे एबीएसचं युनिटच गेलं’ असा निकाल मिळाला होता. युनिटचा आकडा ऐकल्यावर सरांनी गाडी बेळगावच्या उद्यमबागेत, आमच्या गॅरेजकडे वळवली.

युनिट गेलेलं नव्हतं. सेन्सरही गेलेला नव्हता. पहिलाही नाही आणि नंतरचे दोन्हीही नाहीत. तरी दिवा खरा होता आणि स्कॅनरवरचा कोडही (दोषाचा क्रमांकही) खरा होता. मूळ दोष तीन ठिकाणी का सापडला नाही, हे सांगण्यासारखं आहे.

आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या प्रवासी गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. त्याआधी हे काम वरच्या मॉडेलपुरतं होतं आणि कंपनीच्या शोरूमबाहेर फारसं येत नव्हतं. त्या सालच्या साध्या गाड्या आता वॉरंटीबाहेर पडल्यात, बेअरिंगं वाजायला लागलीत, आणि त्या आपल्यासारख्या गॅरेजांत येतायत. त्यामुळे या कामाची सवय करून घेण्याला पर्याय नाही.

आधी विचारपूस

स्कॅनर जोडण्याआधी मालकाला बोलतं करावं. सरांशी झालेल्या बोलण्यातलं हे एवढं पुढं उपयोगी पडलं:

“सर, दिवा लागलेला असताना पण खरखर होतीय काय?”

“नाही. तेच तर कळेना झालंय. दिवा लागला की उलट ब्रेक गुळगुळीत लागतोय. सकाळी गाडी चालू केली की दिवा नसतोय, मग पहिल्याच स्पीडब्रेकरला पाय खडखडतोय, आणि जरा पुढं गेलं की दिवा येतोय बघा.”

ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. पण एबीएसचं वागणं माहीत असेल तर यातच अर्धं निदान आहे. एबीएसच्या मॉड्यूलला, म्हणजे त्या युनिटमधल्या कॉम्प्युटरला, स्वतःत दोष सापडला की ते पिवळा दिवा लावतं आणि स्वतःला बंद करून घेतं. ब्रेक मग साध्या गाडीसारखे चालतात. म्हणजे दिवा असताना खरखर नाही आणि दिवा नसताना आहे, याचा अर्थ ती खरखर डिस्कची, पॅडची किंवा कॅलिपरची नाही. एबीएस नको तिथं काम करतंय. चाक अडकलेलं नसताना मॉड्यूलला ते अडकल्यासारखं वाटतंय, म्हणून ते त्या चाकाचं प्रेशर सोडतंय, पुन्हा धरतंय. आधीच्या एका गॅरेजनं याच खरखरीसाठी पुढच्या डिस्क घासून दिल्या होत्या.

पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारं ईबीडीही गेलेलं असू शकतं, किंवा ब्रेक ऑइल कमी असतं. ती गाडी आधी उभी करायची, मग बाकीचं. सरांच्या गाडीत लाल दिवा कधीच आला नव्हता.

दुसरा प्रश्न: या चाकाला आधी काय काम झालंय? सर म्हणाले, सेन्सर सोडून काही नाही. आम्ही गाडीची कागदपत्रं मागितली, तर त्यात बेअरिंगचं बिल निघालं. मे महिन्यातलं, डाव्या पुढच्या चाकाचं.

“ते होय? ते बेअरिंग घुमत होतं म्हणून घातलं. पण ते वेगळं की. घातल्यावर गाडी दीड-दोन महिने मस्त चालली. दिवा जुलैत, पाऊस धरल्यावर आला.”

सरांचा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. कामानंतर लगेच बिघाड झाला तर माणूस कामावर संशय घेतो, दोन महिन्यांनी झाला तर घेत नाही. आणि बेअरिंग उलटं बसलं असतं तर दिवा त्याच दिवशी लागला असता, हेही खरं. तरीही ते बिल आम्ही बाजूला काढून ठेवलं.

हा सेन्सर करतो काय

चाकाच्या वेगाचे सेन्सर दोन जातींचे. जुन्या जातीत चुंबकाभोवती तारेची गुंडाळी असते आणि समोर लोखंडी दात्यांची चकती फिरते. त्यातून एसी व्होल्टेज निघतं, चाक जोरात फिरलं की जास्त, हळू फिरलं की कमी. अगदी हळू वेगात सिग्नल इतका बारीक होतो की मॉड्यूलला ऐकूच येत नाही. हा सेन्सर मल्टीमीटरनं ओहममध्ये मोजता येतो. बऱ्याच गाड्यांत तो ८०० ते २५०० ओहमच्या दरम्यान दाखवतो.

नव्या जातीच्या सेन्सरलाही दोनच तारा असतात, पण आत इलेक्ट्रॉनिक चिप असते. मॉड्यूल त्याला सुमारे १२ व्होल्ट पुरवतं आणि तो किती करंट ओढतो ते बघतं. समोर चुंबकाचा उत्तर ध्रुव आला की एक करंट, दक्षिण आला की दुसरा. साधारण ७ मिलिअँपिअर आणि १४ मिलिअँपिअर. मॉड्यूलच्या आत ११५ ओहमच्या आसपासचा रेझिस्टर धरला तर त्यावर ०.८ आणि १.६ व्होल्टच्या पायऱ्या दिसतात. चाक जोरात फिरो की हळू, पायरीची उंची तीच. फक्त पायऱ्या जवळ येतात किंवा लांब जातात. या सेन्सरला ओहममध्ये मोजून काही कळत नाही, आणि मीटरच्या करंटनं चिपला इजा व्हायची शक्यता असते. तरी अनेक जण जुन्या सवयीनं मीटर लावतात आणि ‘ओपन दाखवतोय’ म्हणून चांगला सेन्सर फेकून देतात.

या गाडीत दुसरी जात होती. यात दात्यांची चकती नसते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलवरच चुंबकीय पट्टा बसवलेला असतो, त्यावर उत्तर-दक्षिण अशा ध्रुवांच्या जोड्या आळीपाळीनं असतात. बऱ्याच गाड्यांत ४८ जोड्या. या गाडीतही तेवढ्याच. नुसत्या डोळ्यांना तो पट्टा काळपट सीलसारखा दिसतो. त्यामुळे बेअरिंग बदलणाऱ्याला आपण एबीएसचा अर्धा भागही बदलतोय हे लक्षातच येत नाही.

तीन गॅरेजांत जे दिसलं ते आम्हालाही दिसलं

चारही टायर एकाच मापाचे होते. हवा सारखी, स्टेपनी चढवलेली नाही. एखाद्या चाकाला वेगळ्या मापाचा टायर असेल तर त्या चाकाचा वेग कायम वेगळा दिसतो आणि मॉड्यूल गोंधळतं, म्हणून हे आधी. बॅटरी आणि चार्जिंग ठीक. एबीएसचे फ्यूज ठीक.

स्कॅनरवर कोड सी ००३५, डाव्या पुढच्या चाकाचा. प्रत्येक कंपनी हेच कोड वापरते असं नाही, पण बऱ्याच गाड्यांत ००३५ डावं पुढचं, ००४० उजवं पुढचं, ००४५ डावं मागचं आणि ००५० उजवं मागचं असतं. मोबाइलला जोडायची स्वस्तातली उपकरणं बहुतेक इंजिनपुरतंच वाचतात. त्यावर ‘कोड नाही’ आलं म्हणजे एबीएस ठीक, असं धरू नये.

कोड उडवून, स्कॅनर जोडलेला ठेवून गाडी खानापूर रोडला काढली. ताशी ४०ला चारही चाकं ४०-४१. पिरनवाडीच्या अलीकडे वेग कमी केला: ३०, २०, १५, चारही आकडे हातात हात घालून खाली. आणि ताशी १२च्या सुमारास ब्रेकवर हलका पाय असताना खडखड झाली. स्कॅनरवर त्या क्षणी? चारही चाकं १२. तिसऱ्या गॅरेजवाल्यानं हेच बघितलं असणार. आकडे बरोबर, म्हणजे सेन्सर बरोबर, म्हणजे युनिट गेलं. तर्क सरळ आहे, पण तो ज्यावर उभा आहे ते डळमळीत आहे. स्कॅनर सेकंदाला मोजक्याच वेळा आकडा बदलतो आणि मॉड्यूलनं गाळून दिलेला आकडा दाखवतो. सरांना त्यांच्याच भाषेत सांगितलं: ही महिन्याची सरासरी हजेरी आहे सर, एखाद्या पोरानं मंगळवारी एका तासाला मारलेली दांडी यात दिसायची नाही.

हिशेब करून बघू. या टायरचा घेर साधारण १.८ मीटर. ताशी १२ म्हणजे सेकंदाला ३.३ मीटर, म्हणजे चाकाचे जवळजवळ १.८५ फेरे. ध्रुवांच्या एका जोडीला एक पल्स, म्हणजे सिग्नलची एक खाली-वर, असे एका फेऱ्याला ४८ पल्स धरले तर सेकंदाला ८९. दोन पल्समधलं अंतर सव्वाअकरा मिलिसेकंद. आता त्यातले लागून असलेले दोन पल्स गळाले असं धरा. अंतर एकदम ३४ मिलिसेकंदांवर जातं. मॉड्यूलला वाटतं चाक १२वरून एका झटक्यात ४वर आलं. त्याच वेळी बाकीची तीन चाकं १२ दाखवतायत आणि ब्रेकचा स्विच चालू आहे. त्याच्या दृष्टीनं चाक लॉक व्हायला लागलंय; ते प्रेशर सोडणारच. तेच ताशी ६०ला सेकंदाला ४४०च्या वर पल्स येतात, दोन पल्सांची खाच सात मिलिसेकंदांत संपते. सरांना जोरात जाताना कधी काही जाणवलं नव्हतं, ते याच्याशी जुळतं.

ही नुसती कटकट नव्हे. स्पीडब्रेकरपाशी, बाजारातल्या गर्दीत, पुढच्या गाडीच्या मागे हात-दोन हातांवर थांबताना एका पुढच्या चाकाचं प्रेशर सुटलं तर गाडी अंदाजापेक्षा पुढं जाते. दिवा लागून एबीएस बंद असलेली गाडी त्या मानानं बरी, निदान तिचे ब्रेक काय करतील ते चालवणाऱ्याला ठाऊक असतं. दिव्यावर काळी टेप लावून फिरणारे आहेत, त्यांचं वेगळंच.

दोष कशाबरोबर येतो

मधूनच येणाऱ्या सिग्नलच्या दोषात आमची पद्धत एकच आहे: दोष कशाबरोबर येतो ते बघायचं. स्टिअरिंग फिरवताना येत असेल तर वायर. शॉकॲब्सॉर्बरच्या क्लिपपाशी वायर सतत वाकते, वरचं इन्सुलेशन शाबूत राहतं आणि आतलं तांबं तुटतं. भिजल्यावर येऊन वाळल्यावर जात असेल तर कपलर, म्हणजे वायरचा जोड. खोलला की पिनांवर हिरवट बुरशीसारखं तांब्याचं गंजणं दिसतं. खड्ड्यात येत असेल तर सैल पिन किंवा ढिलं बेअरिंग. आणि चाकाच्या दर फेऱ्याला, त्याच जागी येत असेल तर जे चाकाबरोबर फिरतं त्यातच दोष आहे. सेन्सर फिरत नाही, वायर फिरत नाही, मॉड्यूल तर बॉनेटखाली बसलेलंय. फिरतो तो फक्त पट्टा.

वायरिंग आधी निकालात काढलं. सेन्सरचा कपलर काढून, इग्निशन ऑन करून हार्नेसच्या, म्हणजे गाडीच्या वायरिंगच्या, बाजूला मोजलं. जवळजवळ बॅटरीइतकं व्होल्टेज. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, वायर क्लिपपाशी, चाकाच्या कमानीत, बॉडीत शिरते तिथं हलवून बघितली, आकडा ढळला नाही. उंदरानं कुरतडलेलं काही नाही. (पावसाळ्यात भाताच्या पोत्यांशेजारी उभी राहणारी गाडी असेल तर हे आधी बघावं, खानापूरकडच्या गाड्यांत आम्हाला बऱ्याचदा सापडतं.) कपलर कोरडा, पिना पिवळ्या स्वच्छ.

मग डावा सेन्सर उजवीकडे, उजवा डावीकडे. या गाडीत दोन्ही बाजूंचे एकसारखे आहेत म्हणून जमलं. काही गाड्यांत वायरची लांबी किंवा क्लिप वेगळी असते, तिथं ओढाताण करू नये. कोड डावीकडेच राहिला. पैसे खर्च न करता करता येणारी ही तपासणी दुसरा सेन्सर विकत घेण्याआधी कुणी केली असती तर तो सेन्सर वाचला असता.

आता स्कोप, म्हणजे सिग्नलचा आलेख स्क्रीनवर दाखवणारं यंत्र. डावं चाक जॅकवर उचलून स्टँड लावला, गिअर न्यूट्रल, इग्निशन ऑन. कपलर तसाच जोडलेला ठेवून मागून बारीक पिन घालून सिग्नलच्या तारेवर प्रोब लावला. आमच्या पोरानं टायरवर खडूनं एक जाड रेघ ओढली आणि मडगार्डवर तिच्या समोर टेपचा तुकडा चिकटवला. मग चाक हातानं सावकाश फिरवायला लागला, सेकंदाला साधारण एक फेरा.

स्क्रीनवर पायऱ्या सरकू लागल्या. खाली, वर, खाली, वर, एकसारख्या. आणि मग एक सपाट जागा. दोन पायऱ्यांएवढी लांब, सरळ रेघ. पुन्हा पायऱ्या. “कुठं हाय आता?” विचारलं तर पोरगा म्हणाला, “रेघ टेपच्या पुढं वीतभर.” पुन्हा फिरवलं. सपाट जागा आली तेव्हा रेघ टेपच्या पुढं वीतभर. तिसऱ्यांदा त्याला स्क्रीन दिसू नये अशा बाजूला बसवलं आणि खडूची रेघ टेपच्या पुढं वीतभर आली की ओरडायला सांगितलं. तो ओरडला त्याच क्षणी सपाट जागा आली. उलट्या दिशेनं फिरवलं तरी टायरचा तोच भाग. एका फेऱ्यात ४८ पल्स हवेत, मोजले तर ४६.

सर स्टुलावर बसून बघत होते. बेअरिंगचं बिल त्यांनी स्वतःच पुन्हा हातात घेतलं.

मग दोन महिने गाडी चालली कशी

हा प्रश्न सरांनीच विचारला, आणि तो बरोबर होता. पट्टा मेमध्येच खराब असेल तर दिवा जुलैत का?

उत्तर सेन्सर काढल्यावर मिळालं. सेन्सर ज्या भोकात बसतो त्याच्या तोंडाशी, नकलच्या (बेअरिंग ज्यात बसतं त्या भागाच्या) ओतीव लोखंडावर गंजाचा पापुद्रा चढला होता. सेन्सरची बोल्टाची पट्टी त्या पापुद्र्यावर टेकत होती, लोखंडावर नाही. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. खालून फुगत जातो आणि सेन्सरला वर उचलतो. बोल्ट कितीही आवळला तरी सेन्सरचं टोक पट्ट्यापासून लांबच. अशा सेन्सरांत ही फट मिलिमीटरभराची असते, त्यात अर्धा मिलिमीटर वाढला तरी खूप झालं. जांबोटीच्या रस्त्याला जून ते सप्टेंबर चाकांना कोरडं राहणं ठाऊक नाही. लाल चिखल, पाणी, पुन्हा चिखल. दोन महिन्यांत एवढा गंज चढायला ते पुरेसं आहे.

म्हणजे असं झालं: पट्ट्यावर एका जागी ध्रुवांच्या दोन जोड्यांचं चुंबकत्व मेमध्येच क्षीण झालं होतं, पण फट कमी असल्यामुळे सेन्सरला ते कसंबसं ऐकू येत होतं. पावसात गंजानं फट वाढली आणि तेवढ्याच दोन जागा ऐकू येईनाशा झाल्या. बाकीच्या ४६ जोड्या धडधाकट, त्यांना वाढलेली फट चालत होती. नवा सेन्सर घालताना जुना काढला, नवा त्याच पापुद्र्यावर बसवला. कोड उडवल्यावर दिवा जायचा. काही दिवस हळू ब्रेकिंगचा नेमका योग यायचा नाही, दिवा गप्प राहायचा, आणि काम झालं असं वाटायचं.

इथं एक मोह होता. पापुद्रा साफ केला, लोखंडापर्यंत गेलो, सेन्सर परत बसवून स्कोप बघितला. ४८ पल्स! सपाट जागा गेली. दिवा लागणार नाही, खरखर होणार नाही, गाडी द्या सोडून. पण त्याच जागी पायऱ्या वेड्यावाकड्या होत्या. एक अरुंद, तिच्याशेजारची रुंद, बाकी सगळ्या सारख्या. दोष तिथंच होता, नुसता दबला होता. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गंज, पुन्हा फट, पुन्हा तेच. सरांना दोन्ही पर्याय सांगितले. नुसती सफाई स्वस्त. बेअरिंग बदललं तर त्याच्या कितीतरी पट खर्च. माझं मत विचारलं तेव्हा बदला म्हणालो. घाटात जाणारी गाडी आहे, आणि जे बेअरिंग असं बसवलंय त्याच्या गोळ्यांवरही माझा भरवसा नव्हता. सर म्हणाले, “करूनच टाका. दोन सेन्सरच्या पैशात झालंच असतं की हे.”

बेअरिंग बाहेर आल्यावर

नकल उतरवून प्रेसवर हब आणि बेअरिंग काढलं. चुंबकीय पट्ट्याच्या कडेला एक चेपलेली जागा, नखाएवढी. छिन्नीच्या किंवा पंचच्या टोकाची खूण. पट्ट्यावर चुंबक दाखवणारं कार्ड ठेवलं; हिरवट कार्डावर ध्रुवांच्या बारीक उभ्या पट्ट्या कंगव्यासारख्या नीट उमटल्या, आणि चेपलेल्या जागेपाशी दोन-तीन पट्ट्या एकमेकांत पुसट होऊन गेल्या. हे कार्ड शंभर-दोनशे रुपयांचं नसलं तरी महाग नाही, आणि एबीएसच्या गाड्यांची बेअरिंगं करणाऱ्यानं ते ठेवावंच. बेअरिंग बसवण्याआधी कुठली बाजू पट्ट्याची, हे त्यावर दोन सेकंदांत कळतं. ती बाजू सेन्सरकडे, म्हणजे गाडीच्या आत. उलटं बसलं तर सेन्सरला काहीच दिसत नाही आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं.

ज्यानं मेमध्ये बेअरिंग घातलं त्यानं ते प्रेसऐवजी हातोडा-पंचनं ठोकून बसवलेलं दिसत होतं. लहान गावात प्रेस नसतो, गिऱ्हाईक संध्याकाळी गाडी मागतं, आणि जुन्या बेअरिंगांना ते खपूनही जायचं. त्यांच्या सीलवर काही नव्हतंच. उद्यमबागेत आमची एवढी तरी सोय आहे. शेजारच्या टर्नरकडून बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगच्या मापाची एक स्लीव्ह लेथवर काढून घेतली. नकलमध्ये बेअरिंग दाबताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर पडला पाहिजे, आणि हब दाबताना आतल्या रिंगला खालून आधार. नाहीतर जोर गोळ्यांवर जातो, त्यांच्या वाटेत खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग महिन्यात घुमायला लागतं. सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली का ते बघितलं, एक्सलचा नट नवा घालून टॉर्क रेंचनं मॅन्युअलप्रमाणे आवळला.

नवं बेअरिंग पेटीतून काढल्यावर चुंबकी ट्रेमध्ये ठेवू नये. आमच्याकडे सगळ्यांना ती सवय आहे, नट-बोल्ट टाकायची. पट्ट्याचे ध्रुव त्यानं बिघडू शकतात. जुन्या स्पीकरच्या चुंबकाजवळही नको.

सेन्सरच्या भोकाचं तोंड वायर ब्रश आणि पॉलिश पेपरनं लोखंड चमकेपर्यंत साफ केलं, कानस लावली नाही. भोकाच्या भिंतीला प्लास्टिक न खाणाऱ्या ग्रीसचा पातळ हात दिला, सेन्सरच्या टोकाला नाही. उजव्या बाजूचा सेन्सरही काढून बघितला. तिथं गंज नुकता धरायला लागला होता, तोही काढला. मागची दोन्ही चाकं तपासली, ठीक होती.

स्कोपवर पुन्हा खडूची रेघ, पुन्हा हातानं फेरा: ४८ पल्स, सगळ्या पायऱ्या एका मापाच्या. गाडी जॅकवर असताना एकच चाक फिरवलं की कधीकधी मॉड्यूल त्याचाही कोड धरतं, म्हणून सगळे कोड शेवटी उडवले. मग खानापूर रोडनं देसूरपर्यंत चाचणी. ताशी १५, १२, १० करत हलक्या पायानं पुन्हा पुन्हा थांबून बघितलं, पायाखाली काही नाही. मोकळ्या, कोरड्या डांबरावर मागे कुणी नाही असं बघून एकदा जोरात ब्रेक मारला, तेव्हा एबीएसनं खरं काम केलं: पेडल धडधडलं, गाडी सरळ रेषेत थांबली. कडेच्या मुरमावर हीच परीक्षा घेऊ नये. सुट्या खडीवर एबीएसवाली गाडी उलट थोडी लांब थांबू शकते. तिथं एबीएसचा फायदा स्टिअरिंग हातात राहण्याचा, अंतर कमी होण्याचा नाही.

गाडी न्यायला आले तेव्हा सरांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून कंपनीचा मूळ सेन्सर काढला. पहिल्या गॅरेजनं तो ‘गेला’ म्हणून हातात दिला होता आणि त्यांनी जपून ठेवला होता. तो डावीकडे लावून बघितला, मग दोन्ही नवे एकेक करून. तिघांचे पल्स ४८, पायऱ्या सारख्याच. मूळचा गाडीत ठेवला, बाकीचे दोन पिशवीत घालून त्यांच्या हवाली केले.